न घेतलेल्या वस्तूचे पैसे कर्जात कसे घालायचे: नवख्यांसाठी पायरीपायरीने

खरेदीचा मोह टाळला म्हणजे पैसे वाचले, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. शनिवारी पुण्याच्या तुळशीबागेत न घेतलेल्या कुर्त्याचे ८०० रुपये खात्यात नुसते पडून राहिले, तर मंगळवारपर्यंत ते बिर्याणी, पेट्रोल आणि ऑफिसातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाच्या वर्गणीत विरून जातात. महिनाअखेरीला कुर्ताही नाही आणि कर्जही तेवढंच. म्हणून खाली जी खटपट सांगते आहे ती एकाच गोष्टीसाठी आहे: न घेतलेल्या वस्तूची किंमत त्याच दिवशी खात्यातून उचलायची आणि कर्जाच्या वाटेला लावायची. मन आवरणं पुष्कळांना जमतं. पैसे हलवायचं राहून जातं.

मी एका पतसंस्थेत कर्जाचं काम बघते. समोर येऊन बसणारे बहुतेक जण चांगले कमावते असतात, हिंजवडी-खराडीला नोकरी, हप्ते वेळेवर. फक्त जादा भरायला कधी काही उरत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांचे हप्तेच थकलेत त्यांनी आधी बँकेत जाऊन बोलावं; तिथे कुर्त्याच्या पैशांनी भागत नाही.

पहिली पायरी: यादी, तीही कागदावर

पाच रकाने आखा. कुणाचं कर्ज, आज बाकी किती, वर्षाचा व्याजदर, हप्ता, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती. पहिले चार बँकेच्या ॲपमधल्या कर्जखात्यात सापडतात. दंडाचं कलम मंजुरीपत्रात किंवा कर्ज घेताना दिलेल्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये (कर्जाच्या अटींचा गोषवारा) असतं, शोधावं लागतं. क्रेडिट कार्डाची थकबाकी, मोबाईलचा हप्ता, ‘पे लेटर’चे (वस्तू आत्ता, पैसे नंतर) दीड-दोन हजार, सोनेतारण, मेव्हण्याकडून घेतलेले वीस हजार, सगळं यादीत आलं पाहिजे. मेव्हणा व्याज लावत नाही, पण भाऊबीजेला समोरासमोर बसायचं असतं.

एखादं खातं सुटल्याची शंका असेल तर सिबिलचा, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, अहवाल काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. फ्रिज घेताना दुकानातच उघडलेलं आणि नंतर विसरलेलं एखादं कर्जखातं तिथे दिसू शकतं.

दुसरी पायरी: आधी कोणतं

आधी एका महिन्याच्या हप्त्यांइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिला हात लावू नका. हे वगळून थेट फेडायला लागलं की गाडीचा टायर फुटतो, कार्ड घासलं जातं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मग सगळ्यात चढ्या व्याजाचं कर्ज. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर दुसरा विचार करू नका. कार्डावर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ५०,००० थकले असतील तर महिन्याचं व्याज १,७५० आणि जीएसटी ३१५, मिळून २,०६५ रुपये. ‘किमान रक्कम’ म्हणून तुम्ही २,५०० भरता आणि मुद्दल उतरतं जेमतेम ४३५ रुपयांनी. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही; दूध घेतलं तरी त्या दिवसापासून व्याज.

हाच हिशोब उलटा मांडला की हुरूप येतो. थकलेल्या कार्डावर २,००० रुपये वर्षभर तसेच राहिले तर त्यांचे सुमारे ३,२५० होतात. म्हणजे आज टाळलेला दोन हजारांचा बूट कार्डात भरला, तर वर्षात आणखी साडेबाराशेचा खड्डा बुजतो.

यादीत पाच-सात हजारांचं एखादं किरकोळ कर्ज असेल तर मात्र मी व्याज न बघता ते आधी संपवायला सांगते. गणिताच्या दृष्टीने ते चूक असेलही, पण एक खातं बंद झाल्यावर माणूस पुढचं नेटाने फेडतो, हे मी काउंटरवर बघत आले आहे.

गृहकर्ज शेवटी. तिथे व्याज कमी, पण मुदत लांब असल्याने थोड्या जादा रकमेचाही परिणाम मोठा. ३० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं धरली तर हप्ता साधारण २६,०३५ येतो. पहिल्यापासून दरमहा ३,००० जादा गेले तर कर्ज सुमारे साडेचार वर्षं आधी संपतं आणि व्याजाचे आठ लाखांवर वाचतात. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून बँकांना मनाई केली आहे. वैयक्तिक कर्जं बहुधा स्थिर दराची असतात, तिथे दंड लागू शकतो. म्हणून तो पाचवा रकाना.

तिसरी पायरी: आपला मोह कुठे राहतो ते शोधा

गेल्या तीन महिन्यांचं यूपीआयचं स्टेटमेंट काढा आणि लाल पेनाने खुणा करा: जे घ्यायला बाहेर पडलो नव्हतो आणि तरी घेतलं, ते सगळं. रकमेपेक्षा जागा आणि वेळ बघा. कुणाच्या खुणा रविवारी संध्याकाळी एफसी रोडला असतात, कुणाच्या रात्री अकरानंतर अंथरुणात. दोघांचे उपाय वेगळे.

बाजारातला मोह आधी घेऊ. तुळशीबागेत माणूस बहुतेक वेळा खरंच कामासाठी जातो. साडीला फॉल हवा असतो, कुकरची रिंग गेलेली असते, मुलीच्या स्नेहसंमेलनाला गजरा आणि पिना हव्या असतात. काम शंभर रुपयांचं. पण फॉलच्या दुकानापर्यंत पोहोचेतो दोन्ही बाजूंनी क्लिपांचे पत्ते, कानातल्यांच्या पाट्या, पितळेची भातुकली, आणि “ताई, बघायला पैसे पडत नाहीत!” थांबलं की हातात काहीतरी येतं, आणि हातात आलं की पिशवीत जातं. एकेक वस्तू साठ-सत्तर रुपयांची असल्यामुळे मन हिशोब ठेवत नाही. क्यूआर कोडमुळे तर पाकीट हलकं झाल्याचंही कळत नाही.

उपाय जुनाच आहे: चिठ्ठी आणि रोख. कामाच्या वस्तू चिठ्ठीवर, तेवढे पैसे अधिक वीस टक्के पाकिटात, आणि मोबाईल पर्सच्या तळाशी. रोख संपली की रामाचं दर्शन घेऊन घरी. शक्यतो जेवून जा आणि एकटं जा. मैत्रीण बरोबर असली की “अगं, घे ना, तुला शोभतंय” हे दोन्हीकडून चालू राहतं.

फॅशन स्ट्रीट आणि हाँगकाँग लेनचा सापळा निराळा, तिथे घासाघीशीची नशा असते. विक्रेता ८०० सांगतो, तुम्ही ३०० वर अडता, निघून जायचं नाटक करता, तो मागून हाक मारतो, ३५० ला पटतं. घरी येताना छाती फुगलेली: साडेचारशे वाचवले! ते ४५० तुमचे कधी नव्हतेच. खात्यातून गेले ते ३५०, आणि कर्ज फेडायला तेच उपयोगी पडले असते. भाव करायची हौस असेल तर मंडईत करा. भाजी घ्यावीच लागते.

लक्ष्मी रोडवर मोह मोठ्या रकमेचा असतो. गादीवर बसलं, चहा आला, समोर पंधरा साड्या उलगडल्या की रिकाम्या हाताने उठायला संकोच वाटतो. हा संकोच दुकानदाराला पक्का ठाऊक असतो. निघण्याआधी मनात एक वाक्य तयार ठेवा: “आज फक्त बघायला आलोय, घरी विचारून येतो.” पुण्यात याचं कुणाला वाईट वाटत नाही. उलट तितक्याच कोरडेपणाने “बरं” म्हणून साड्या घड्या व्हायला लागतात. तेच कार्यालयांमध्ये भरणाऱ्या सेल-प्रदर्शनांचं. ‘शेवटचे दोन दिवस’ हा फलक पुढच्या महिन्यात दुसऱ्या कार्यालयावर लागतोच.

मॉलचं फार सांगण्यासारखं नाही. पाऊस पडतोय, एसी आहे, मुलं पळतात म्हणून लोक मॉलमध्ये जातात. त्या वेळेला दुसरी जागा ठरलेली नसेल तर पाय तिकडेच वळतात. पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी, सारसबाग. पावसात पुणे नगर वाचन मंदिरासारखं ग्रंथालय. तुमच्या घरापासून जे जवळ असेल ते शुक्रवारीच ठरवून टाका.

चौथी पायरी: फोनमधलं दुकान बंद करा

लक्ष्मी रोडला निदान दुपारची विश्रांती माहीत होती. फोनमधलं दुकान रात्री दोनलाही उघडं असतं, म्हणून इथे मनाच्या निग्रहावर विसंबू नका, कळ बंद करा.

सगळ्यात परिणामकारक गोष्ट फारशा लोकांना माहीत नाही. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘ऑनलाइन व्यवहार’ हे बटण असतं; ते बंद करता येतं किंवा मर्यादा कमी करता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून ही सोय प्रत्येक बँकेला द्यावी लागते. बंद ठेवा. खरंच काही घ्यायचं असेल तेव्हा ॲप उघडायचं, पासवर्ड टाकायचा, बटण चालू करायचं. या दोन मिनिटांत निम्म्या वस्तूंची हौस फिटते.

मग बाकीची सफाई. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेली कार्डं काढून टाका. ‘पे लेटर’ बंद करण्याचा पर्याय सेटिंगच्या तळाशी लपवलेला असतो, शोधा. आधीची बाकी चुकती केल्याशिवाय तो चालत नाही. यूपीआय ॲपमधली ‘ऑटोपे’ची (आपोआप पैसे कापायच्या परवानग्यांची) यादी बघा, कधीतरी एक रुपयात सुरू केलेली दोन-तीन सबस्क्रिप्शन तिथे महिनोन्‌महिने पैसे कापत असतात. जाहिरातींच्या मेसेजसाठी १९०९ या क्रमांकावर इंग्रजीत ‘स्टार्ट ०’ असा मेसेज पाठवा. आणि बिल करताना काउंटरवर मोबाईल नंबर मागितला तर “नको” म्हणा. सेलची आमंत्रणं तिथूनच सुरू होतात.

दहा मिनिटांत घरपोच आणणाऱ्या ॲपांबद्दल एकच: ३० रुपये डिलिव्हरी वाचवायला १२० रुपयांचे वेफर्स घालायचे नाहीत. ३० रुपये भरा, किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा.

पाचवी पायरी: थांबायची वही

एक छोटी वही करा. वस्तू, दुकान, किंमत, तारीख. ५०० च्या आतली वस्तू असेल तर तीन दिवस थांबायचं. ५०० ते ५,००० असेल तर पुढच्या पगारापर्यंत. त्याच्या वर असेल तर दोन पगार जाऊ द्यायचे. मुदत संपल्यावर अजून हवीशी वाटली आणि पैसे असले तर खुशाल घ्या, अपराधी वाटून घेऊ नका. नको वाटली तर नावावर काट मारा.

काट मारली की लगेच, तिथल्या तिथे, तेवढीच रक्कम हलवायची. ८०० चा कुर्ता म्हणजे ८००. ‘सध्या ५०० टाकते’ असं नाही. वहीत काटेशेजारी ‘गेले’ असं लिहायचं. ज्या ओळीला काट आहे पण ‘गेले’ नाही, ती ओळ म्हणजे गळती. महिन्याच्या शेवटी फक्त अशा ओळी मोजा.

सहावी पायरी: पैसे नेमके कसे भरायचे

क्रेडिट कार्डाला सोपं आहे, कधीही कितीही भरा, बिलाची वाट बघू नका. व्याज दिवसावर मोजलं जातं, त्यामुळे पाच तारखेला भरलेले पैसे वीस तारखेच्या पैशांपेक्षा जास्त कामाचे. सोनेतारणातही बहुतेक ठिकाणी मधूनमधून रक्कम भरता येते.

वैयक्तिक, वाहन आणि गृहकर्जाला पार्ट पेमेंटची, म्हणजे हप्त्याशिवाय जादा भरण्याची, किमान रक्कम ठरलेली असते, अनेकदा एक-दोन हप्त्यांइतकी. वैयक्तिक कर्जात पहिले काही महिने जादा भरूच देत नाहीत. तोवर पैसे साठवायला वेगळं बचत खातं हवं, ज्याचं डेबिट कार्ड नाही आणि जे यूपीआयला जोडलेलं नाही. पगाराच्या खात्यातच ‘मनात वेगळे’ ठेवलेले पैसे टिकत नाहीत.

पार्ट पेमेंट भरताना दोन गोष्टी विचारा, आणि लेखी घ्या. रक्कम मुद्दलात जमा होतेय ना? नुसती कर्जखात्यात टाकली तर काही ठिकाणी ती पुढचा हप्ता आगाऊ भरला म्हणून धरतात आणि व्याजात काही फरक पडत नाही. आणि दुसरं, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असं स्पष्ट सांगा. काही न बोलल्यास हप्ता कमी केला जाऊ शकतो. तो कमी झालेला ऐकायला गोड वाटतो, पण सुटलेले सहाशे रुपये पुन्हा बाजारात जातात. नवा परतफेडीचा तक्ता मागून घ्या आणि शेवटची तारीख किती महिन्यांनी अलीकडे आली ते बघा.

सणासुदीचं काय

साडेतीन मुहूर्तांपैकी एकही असा नाही की ज्या दिवशी दुकानातून फोन येत नाही. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा. शिवाय धनत्रयोदशी आहेच. मुहूर्त टाळा असं मी म्हणत नाही, घरात ते पटायचंही नाही. पण मुहूर्ताला खरेदी ‘करावी’ एवढंच आहे, ‘केवढी’ ते कुठल्या पंचांगात लिहिलेलं नाही. अर्ध्या ग्रॅमच्या नाण्यानेही मुहूर्त साधतो.

अडचण मुहूर्ताची नसते, घरातल्या बोलण्याची असते. ते आदल्या दिवशी नको, महिनाभर आधी करा. “आई, यंदा पाडव्याला नाणं आणू, बांगड्या पुढच्या वर्षी. कार्डाचं तेवढं संपवून टाकतो,” असं आकडा दाखवून सांगितलं तर बहुतेक सासवा-आया समजून घेतात, त्यांनी यापेक्षा कमी पैशांत संसार केलेले असतात. कर्ज लपवून नुसतं “यंदा नको” म्हटलं की मात्र रुसवे होतात.

दिवाळीचा बोनस खात्यात यायच्या आधीच वाटून ठेवा. माझं प्रमाण: निम्मा कर्जात, चौथा भाग सणाला, चौथा हौसेला. हौसेचा भाग कापू नका. सगळी हौस मारून फेडायला निघालेले लोक तीन-चार महिन्यांत कंटाळतात आणि मग एकदम टीव्ही घेऊन येतात.

टीव्ही म्हटलं की नो-कॉस्ट ईएमआय

आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार. ३०,००० चा फोन सहा महिन्यांच्या पाच-पाच हजारांत, ‘व्याज शून्य’. प्रत्यक्षात व्याज असतंच. तेवढी सूट आधी दिलेली दाखवतात. १५ टक्क्यांनी ते सुमारे १,२७० रुपये होतं, त्यावरचा जीएसटी सुमारे २३० तुमच्याकडून, वर १९९ सारखी प्रक्रिया फी आणि तिचा जीएसटी. साडेचारशेच्या वर गेले. रोखीने घेतला असता तर जी सूट मिळाली असती, ती वेगळी बुडाली. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किंवा कुठेही विचारताना पहिला प्रश्न असा विचारा: “आत्ता पूर्ण पैसे दिले तर कितीला?” दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

पाय घसरलाच आणि ऑनलाइन काही मागवलं गेलं, तर पार्सल उघडायच्या आधी परतीची मुदत बघा. परत करताना पैसे मूळ खात्यात किंवा कार्डावर मागा. दुकानाच्या वॉलेटमध्ये आले तर ते पुन्हा तिथेच खर्च होतात.

कर्ज संपल्यावरची कागदपत्रं

शेवटचा हप्ता गेला की काम संपलं असं समजून लोक निघून जातात आणि वर्षाने धावपळ करतात. बाकी नसल्याचा दाखला मागून घ्या. खात्यावरचा ऑटोपे किंवा एनएसीएच (हप्ता खात्यातून आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी) रद्द झाला का ते बघा, नाहीतर पुढच्या महिन्यात हप्ता परत कापला जाऊ शकतो. कार्ड बंद करायचं असेल तर लेखी अर्ज द्या. बाकी नसेल तर कामाच्या सात दिवसांत ते बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. गृहकर्जाचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या दिरंगाईमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

गाडीचं कर्ज असेल तर बँकेकडून ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या आणि आरसी पुस्तकावरचा बँकेचा बोजा आरटीओतून उतरवून घ्या. हे राहिलं तर गाडी विकताना अडतं. दीड-दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल पुन्हा काढून खातं ‘बंद’ दिसतंय का ते तपासा. दिसत नसेल तर त्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि दाखल्याची प्रत जोडा.